खांबावरची आई

आखन, ४ जुलै २००४

इरा,

फोन तू उचलत नाहीस. ईमेल न उघडताच उडवतेस, हे बाबांकडून कळलं. म्हणून कागद. कागद फेकायचा तर निदान उठून कचऱ्याच्या डब्यापर्यंत जावं लागतं. आणि मराठीत, कारण जर्मनमध्ये आपलं भांडण झालं की दर वेळी तूच जिंकतेस. मराठी तुला अक्षरं लावत वाचावं लागेल. तेवढा वेळ तरी मला मध्येच तोडणार नाहीस.

जूनमध्ये ड्रेस्डेनच्या गाडीत चढताना तू जे बोललीस ते माझ्या चांगलं लक्षात आहे. "जोपर्यंत तुझा चेहरा त्या पार्टीसाठी खांबावर लटकतोय, तोपर्यंत मी घरी येणार नाही." आल्झो, तर मग, चेहरा अजून लटकलेला नाही. निवडणुकीची पोस्टरं, प्लाकाट, ऑगस्टच्या मध्यावर लागतात. म्हणजे तुझ्याच नियमाने तू आत्ता यायला काही हरकत नाही. विचार कर.

बेकारभत्त्याचा तो नवा कायदा आमच्याच माणसांनी बर्लिनमध्ये केला, हे मला माहीत आहे. तू पार्टीच्या तरुण शाखेचा राजीनामा फ्रिजवर चिकटवून गेलीस तेव्हाही माहीत होतं. बाबांनी तर तुझ्याही आधी, गेल्या वर्षीच, आपलं पार्टीचं सभासद पुस्तक रजिस्टर्ड पोस्टाने परत पाठवलं. कारखान्यात कामगारांच्या बाजूने इतकी वर्षं भांडलेला माणूस, त्याने ते पाकीट पोस्टात दिलं आणि येताना ब्रेड घेऊन आला. आता आपल्या घरात त्या पार्टीत मी एकटी.

आणि मी उभी राहतेय ती नगरपालिकेला, बाई. मी निवडून आले तर फार तर आपला बसस्टॉप दहा पावलं पुढे सरकेल. त्या कायद्याला माझा हात लागलेला नाही आणि लागणारही नाही.

बाबा बरे आहेत. टोमॅटो लावलेत. जानेवारीनंतरचं काय ते बघू, तू त्यात डोकं घालू नकोस.

न वाचताच फेकलंस तर त्याचीच,
आई

आखन, १ ऑगस्ट २००४

इरा,

उत्तर नाही. ठीक. मी लायब्ररीत लहान मुलांच्या विभागात काम करते, उत्तर न देणाऱ्या माणसांशी बोलायची मला सवय आहे.

गुरुवारी आमच्या वॉर्डाच्या शाखेची, ऑर्ट्सफेराइनची, बैठक झाली. तू असतीस तर खूश झाली असतीस, कारण सगळे तुझ्यासारखंच बोलत होते. फरक एवढाच की ते बिअर पीत बोलत होते. बर्लिनहून प्लाकाटांचे गठ्ठे आलेत, 'बदलाचं धैर्य' वगैरे छापलेले. ते खांबावर लावायला कोणी तयार नाही. एक म्हणाला, पाठ दुखते. एक म्हणाला, माझी बायको शिडीवर चढू देत नाही. शेवटी आमचा अध्यक्ष गुंटर उठला. तुला आठवतो ना, रिटायर्ड पोस्टमन, लहानपणी तुला टपालाचे रबरबँड आणून द्यायचा तो. म्हणाला, "या लोकांसाठी मी चाळीस वर्षं दारोदार फिरलो. आता दार उघडलं की माणसं मलाच विचारतात, तुम्ही आमचं हे काय केलंत? काय सांगू?" आणि खाली बसला. त्याचे डोळे भरून आले होते. म्हाताऱ्या पुरुषाला असं बघवत नाही गं.

तर असं ठरलं, की बर्लिनचे गठ्ठे गुपचूप आपल्या तळघरात, केलरमध्ये, ठेवायचे. लावायचे फक्त उमेदवाराचे, म्हणजे माझे. पण माझ्याही फोटोखाली पार्टीचं नाव आहेच की लाल अक्षरांत. त्याचं काय करायचं?

तिथे माझं डोकं चाललं. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची तेव्हा आमची आई जुन्या पुस्तकांना खाकी कव्हर घालायची. वर कोणाचं नाव होतं, कोणी शाई सांडली होती, सगळं झाकलं जायचं. मी म्हटलं, नावावर एक पांढरी पट्टी चिकटवू, तिच्यावर लिहू 'आपल्या वस्तीसाठी'. गेनाऊ, अगदी बरोबर! म्हणाले सगळे. गुंटरने टाळ्या वाजवल्या. पार्टीही सोडायची नाही आणि निषेधही झाला. त्या रात्री मी स्वतःवर फार खूश होते.

बाबा केलरमध्ये गठ्ठे रचायला आले नाहीत. त्यांना एक जाडजूड फॉर्म आलाय सरकारकडून, तो भरत होते. कसलासा. आहे काहीतरी.

बुद्धिमान,
आई

आखन, २४ ऑगस्ट २००४

इरा,

तुझं पोस्टकार्ड आलं. जर्मनमध्ये आलं, पण आलं. एल्बे नदीचं चित्र छान आहे.

माझं पोस्टर तुला कोणी दाखवलं ते मी विचारत नाही. तू लिहिलंस, "ममा, कव्हर घातलं म्हणून धडा बदलत नाही." म्हणजे माझं मागचं पत्र तू अक्षर लावत लावत पूर्ण वाचलंस. बास, माझं काम झालं. बाकी तुझं म्हणणं मला पटलेलं नाही. तुम्ही तिकडे दर सोमवारी मोर्चा काढता, आम्ही इकडे पट्टी चिकटवतो. ज्याला जे जमतं ते.

पोस्टकार्डाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल आता. हो. तुझा हिशोब बरोबर आहे. बाबांचा बेकारभत्ता डिसेंबरअखेर संपतो. जुना कायदा असता तर पगाराच्या मानाने काहीतरी मिळत राहिलं असतं, नवी नोकरी लागेपर्यंत. छप्पन वर्षांच्या मेकॅनिकल इंजिनिअरला नोकरी कोण देतंय ती गोष्ट वेगळी. नव्या कायद्यात आधी घरात बघतात. बायको कमावते? गाडी आहे? मग तुम्हाला काही नाही. तो जाड फॉर्म त्याचाच. त्यात माझा पगार लिहायचा, आपली गाडी लिहायची, कोणी दागिने ठेवलेत का तेही. बाबा प्रत्येक रकाना मोठ्याने वाचतात. ओरडत नाहीत. नुसतं वाचतात, रेडिओवर हवामान सांगतात तसं, आणि मी ओट्याशी पाठ करून उभी असते.

मी तुझ्यापासून हे लपवलं. तू मोर्च्यात बाबांचं नाव घेऊन ओरडशील ही भीती होती. आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. माझ्या पार्टीने माझ्याच नवऱ्याचं हे केलं, आणि मी त्याच पार्टीचे बॉलपेन वाटत फिरते.

बाबा माझ्या उमेदवारीबद्दल काहीच बोलत नाहीत. मी प्रचाराच्या इन्फोस्टांडवरून येते तेव्हा जेवण तयार असतं. राईच्या पिठाची थालीपिठं करायला लागलेत. कडक होतात, पण मी खाते.

गाडीला अजून टायर आहेत, तू आलीस तर स्टेशनवर येऊ शकेन.

आई

आखन, ६ सप्टेंबर २००४

इरा,

आज मी चिडलेली आहे. तुझ्यावर नाही. घाबरू नकोस.

शनिवारी बाजारात आमचा इन्फोस्टांड होता. छत्री, टेबल, फुगे, बॉलपेन. एक आजोबा आले. टोपी, काठी, कुत्रं. मला बघून एकदम हसले. म्हणाले, "तुम्हीच ना त्या खांबावरच्या? मी बायकोला सांगितलंय, या वेळी मत या बाईंना. त्या बदमाशांपैकी कोणालाच नाही. कोणत्याही पार्टीची नाही ही बाई, एकटी उभी आहे."

मी हसले. आणि सवयीने त्यांच्या हातात पेन दिलं.

पेनवर पार्टीचं नाव आहे, इरा. पट्टी फक्त पोस्टरला लावली होती. पेनांचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी चष्मा वर करून ते वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मग छत्रीकडे, तर छत्रीवरही तेच नाव. ओरडले असते तर बरं झालं असतं. पेन टेबलावर परत ठेवलं, कुत्र्याची दोरी ओढली आणि म्हणाले, "मला फसवायला निघाला होतात."

हो, फसवायलाच निघाले होते. मला वाटत होतं मी बर्लिनच्या लोकांचा निषेध करतेय. बर्लिनला तर पट्टीचा पत्ताही नाही! फसला तो माणूस. आणि तो काही एकटा नसणार. गेले तीन आठवडे रस्त्यात लोक माझ्याकडे बघून हसतात, हात हलवतात, आणि मी घरी येऊन बाबांना सांगत होते, बघा, लोकांना मी आवडते.

बाबांना मी आजोबांची गोष्ट सांगितली. ते थालीपीठ उलटत होते. म्हणाले, "मी पुस्तक परत पाठवलं तेव्हा पाकिटावर माझं नाव लिहिलं होतं. पाठवणाऱ्याचं." एवढंच. मला इतका राग आला की मी न जेवता उठले. पंधरा महिन्यांत माणूस एक वाक्य बोलला आणि ते हे!

मग परत जाऊन जेवले.

गुंटरला फोन केला, म्हटलं पट्ट्या काढू या. तो म्हणाला, "उल्का, मतदानाला तीन आठवडेसुद्धा नाहीत. पट्टी आहे म्हणून तर तू निवडून येणार आहेस." तेही खरंच आहे. तोच तर त्रास आहे.

तू इथे असतीस तर काय केलं असतंस हे मला माहीत आहे. तू पट्टीबरोबर खांबही उपटला असतास.

आई

आखन, २० सप्टेंबर २००४

इरा,

काल तुझा एसएमएस आला तेव्हा आम्ही टीव्हीसमोरच होतो. "ममा, ते आता आत बसलेत." मी तो बाबांना वाचून दाखवला. त्यांनी आवाज बंद केला.

तुमच्या राज्याच्या विधानसभेत ती टक्कल केलेली, परदेशी लोकांना हाकला म्हणणारी पोरं आणि त्यांचे टाय लावलेले पुढारी निवडून आले, ते मी पाहिलं. सोमवारच्या मोर्च्यात ते झेंडे घेऊन तुमच्या मागे चालायचे हे तू मागेच कळवलं होतंस, त्या दुसऱ्या कार्डात, अगदी बारीक अक्षरात. तेव्हा मी मुद्दाम काही लिहिलं नाही. आताही 'मी सांगितलं होतं' असं म्हणणार नाही, कारण मी सांगितलं नव्हतं. तू मत कोणाला दिलंस, दिलंस की नाही, तेही विचारत नाही. तू एकटी राहतेस, तुझा रंग माझा आहे, आणि संध्याकाळी ट्रामने येतेस. बाबांना दुसरं काही सुचत नाहीये. दाराला साखळी लाव.

इकडची बातमी. गेल्या रविवारी सकाळी मी शिडी सायकलला बांधून निघाले. गुंटरला सांगितलं नाही. पहिल्याच खांबाशी शिडी माझ्यासकट कलंडली असती, तेवढ्यात मागून आवाज आला, "अशी लावतात का शिडी?" बाबा. घरातल्या चपला घालूनच आले होते. त्यांनी शिडी धरली, मी वर चढले. पट्ट्या नीट निघत नाहीत गं. पांढरे पापुद्रे राहतात, खाली लाल अक्षरं अर्धीमुर्धी दिसतात. मी ते नखांनी खरवडून काढले. दुपारपर्यंत पूर्ण वस्ती झाली. बाबा पार्टीचं नाव उघडं करायला शिडी धरून उभे आहेत, हे मला वरून बघताना कसंतरीच होत होतं. मी म्हटलं, "तुम्ही जा घरी." म्हणाले, "पडलीस तर दवाखान्याचाही फॉर्म मलाच भरावा लागेल."

बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्या उमेदवारांची सभा होती. माझी पाळी आली. भाषण लिहून नेलं होतं, बालवाडी आणि बसस्टॉप. ते पर्समध्येच राहिलं. मी म्हटलं, माझ्या पोस्टरवर पट्टी होती, ती माझी कल्पना होती, ती चूक होती. मी या पार्टीची आहे. तो कायदा माझ्या पार्टीने केला आणि तो वाईट आहे. जानेवारीपासून तो माझ्या घरात राहायला येतोय, माझ्या नवऱ्याच्या खुर्चीत बसणार आहे. मी पार्टी सोडणार नाही आणि गप्पही बसणार नाही. ज्यांना हे चालतं त्यांनी मत द्या.

मागे कोणीतरी "मग सोडा ना!" असं ओरडलं. तीन-चार टाळ्या पडल्या. गुंटर पहिल्या रांगेत होता, त्याने मान खाली घातली. बाहेर आल्यावर म्हणाला, "तू सीट घालवलीस." आणि मग माझा कोट मला घालून दिला, जुन्या लोकांची पद्धत असते तसा, आणि माझा खांदा दाबला. काय अर्थ घ्यायचा ते मला अजून कळलेलं नाही.

बाबा हॉलमध्ये होते की नाही ते मला माहीत नाही. घरी आले तेव्हा त्यांचे बूट ओले होते.

साखळी लाव.
आई

आखन, २९ सप्टेंबर २००४

इरा,

हरले. तुला कळलंच असेल. अगदी थोडक्यात नाही, बऱ्यापैकी हरले. पार्टी म्हणून तर इकडे सगळीकडेच आमची दाणादाण उडाली, म्हणजे मी परंपरेत बसते. टोपीवाले आजोबा मतदान केंद्राबाहेर दिसले. कुत्रं मला ओळखून शेपूट हलवत होतं. आजोबांनी मान हलवली. दिलं की नाही, देवाला माहीत.

आज सकाळी मी आणि बाबा प्लाकाट उतरवायला गेलो. निवडणुकीनंतर आठवड्यात उतरवावे लागतात, नाहीतर नगरपालिका नोटीस पाठवते. केबलबिंडर, ते प्लास्टिकचे बंद, कापायचे आणि मी स्वतःच स्वतःला काखेत धरून खाली उतरायचं. चौथ्या-पाचव्या खांबावर असताना बाबा खालून म्हणाले, "उल्का, मी तुला मत दिलं नाही."

मी पक्कड थांबवली. म्हटलं, "मग कोणाला दिलंत?"

"कोणालाच नाही. कोरी टाकली. हात धजला नाही माझा त्या नावासमोर."

वाईट वाटलं, इरा. खूप वाईट वाटलं. सबंध वस्तीने नाही दिलं त्याचं जेवढं वाटलं नव्हतं तेवढं त्या एका मताचं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि हातात पक्कड, पुसायचं कसं? मी वरूनच विचारलं, "हॉलमध्ये आला होतात?" म्हणाले, "दाराशी उभा होतो. चांगली बोललीस." मी म्हटलं, "शिडी नीट धरा." आणि त्यांनी धरली, इरा. पुढच्या खांबाला, त्याच्या पुढच्या खांबाला, शेवटपर्यंत धरली. मध्ये पाऊस आला तरी धरली.

घरी येऊन मी त्यांना जेवायला वाढलं, बऱ्याच दिवसांनी. वरणभात. आम्ही दोघांनी एकमेकांना काहीच समजावलं नाही. त्यांची खुर्ची त्यांच्या जागी, माझं सभासद पुस्तक माझ्या कपाटात. जानेवारीत शाखेची बैठक आहे, त्यात मी उठून उभी राहणार आहे. तुझं सोमवारचं चालू असेल तर चालू दे, पण त्या झेंडेवाल्यांपासून लांब चाल. आपल्या घरात एकाने सोडलं, एकीने सोडलं, आणि एक आत आहे. तिघंही एकाच गोष्टीवर चिडलेले आहोत. हे तुला पटणार नाही, मी तुला पटवतही नाहीये.

आता तुझी अट. चेहरा खांबांवरून उतरलाय. केलरमध्ये बर्लिनच्या गठ्ठ्यांवर रचलाय, एकावर एक.

एक मात्र ठेवलाय. आपल्या बसस्टॉपवरचा, तू स्टेशनवरून येतेस तेव्हा जिथे उतरतेस तिथला. पट्टी पूर्ण निघालेली आहे, पार्टीचं नाव वाचता येतं, आणि कोणीतरी मला मिशा काढल्यात. बाबा म्हणाले तोही उतरवू. मी म्हटलं, नको, तो इरा उतरवेल.

रविवारपर्यंत मुदत आहे. शिडी जिन्याखाली आहे. बाबा धरतील.

आई